झेड-८० मॉनिटर : असेंबलरच्या चुकीच्या बाइटांना घातलेला वळसा

ठाण्यात घरी उभारलेल्या झेड-८० (आठ बिटांचा प्रोसेसर) बोर्डसाठीचा मॉनिटर, म्हणजे बोर्ड चालवणारा छोटा मूळ प्रोग्राम, आता सिरीयल पोर्टवरून हेक्स फाइल (मजकूररूपात लिहिलेला कोड) घेऊन रॅममध्ये भरतो. हार्डवेअर व्यवस्थित आहे. वेळ गेला तो असेंबलरच्या, म्हणजे लिहिलेल्या सूचनांचे प्रोसेसरच्या बाइटांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, सदोष कोडचा माग काढण्यात. ठाणे-वाशी भागातील काही मित्र हाच जुना असेंबलर वापरतात, म्हणून तपशील नोंदवतो.

पहिला दोष आयएक्सच्या विस्थापनाचा, म्हणजे आयएक्स रजिस्टरमधील पत्त्यात मिळवल्या जाणाऱ्या अंतराचा. आयएक्सच्या तीन आधीच्या पत्त्यावर शून्य लिहिणाऱ्या सूचनेत ‘एलडी (आयएक्स-३),०’ असा थेट आकडा लिहिल्यास हेक्समध्ये डीडी ३६ एफडी ०० हे योग्य बाइट मिळतात; परंतु ३ ऐवजी ईक्यूयूने (नावाला किंमत देणाऱ्या निर्देशाने) ठरवलेले नाव लिहिले की वजाचे चिन्ह गळते, तिसरा बाइट ०३ होतो आणि कोणताही इशारा न मिळता भलत्याच पत्त्यावर शून्य लिहिले जाते. डीबीने (बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या निर्देशाने) चारही बाइट हाताने लिहिता येतात, पण मग लिस्टिंग (सूचना आणि त्यांचे बाइट शेजारी दाखवणारी यादी) वाचताना सूचनेचा अर्थच लागत नाही, म्हणून तो मार्ग मला पसंत नाही. त्याऐवजी ‘० वजा नाव’ ही किंमत दुसऱ्या ईक्यूयूत ठेवून सूचनेत अधिक चिन्ह वापरले. सोळा बिटांतील एफएफएफडीचा खालचा बाइट एफडीच असल्याने कोड अचूक येतो.

दुसरा दोष अधिक घातक आहे. जेआर या सापेक्ष उडीच्या सूचनेचे अंतर पुढील सूचनेच्या पत्त्यापासून -१२८ ते +१२७ इतकेच चालते, पण लेबल पुढे असेल तर हा असेंबलर मर्यादा तपासत नाही. १३० बाइट पुढच्या लेबलसाठी तो हेक्स ८२ लिहितो, प्रोसेसर त्याचा अर्थ -१२६ असा घेतो आणि उडी मागे पडते. अशा ठिकाणी जेपी (पूर्ण पत्त्यावरची उडी) वापरल्यास एक बाइट वाढतो; उडी घेतली जाते तेव्हा वेग मात्र घटत नाही, कारण उडी घेताना जेआरला १२ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात आणि जेपीला १०. डीजेएनझेडचे (बी रजिस्टर एकने घटवून ते शून्य नसल्यास सापेक्ष उडी घेणाऱ्या सूचनेचे) तसे नाही : ती फ्लॅगना (निकालाची खूण ठेवणाऱ्या बिटांना) हात लावत नाही, तर तिच्या जागी जेपीसोबत येणारी ‘डीईसी बी’ (बी एकने घटवणारी सूचना) फ्लॅग बदलते.

म्हणून पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती लिस्टिंगमधील लेबलांच्या पत्त्यांवरून प्रत्येक सापेक्ष उडीचे अंतर स्वतंत्रपणे काढते आणि मर्यादा ओलांडली गेल्यास ईईप्रॉमची (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणाऱ्या चिपची) फाइल तयारच होऊ देत नाही. डीडी सीबी या बाइटांनी सुरू होणाऱ्या बिट-सूचनांत विस्थापन शेवटच्या ऑपकोड बाइटच्या आधी येते. त्यांची तपासणी अजून जोडायची आहे.