खासी-खोकला घेऊन जाय गे!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या इतवारी-महालातून ज्या आरोळ्या उठतात, त्यांत इडा-पीडा असते, रोगराई असते आणि हमखास खासी-खोकला असतो. "घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे गावाची पीडा सोबत नेणारा बाईच्या रूपातला पुतळा, मिरवून शेवटी जाळायचा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. सोबतच्या बडग्यांमध्ये, म्हणजे पुरुषी पुतळ्यांमध्ये, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणाचीही खैर नसते. पण मला कौतुक वाटतं ते खोकल्याचं. कॉलरा आणि देवीच्या जमान्यात सुरू झालेल्या मिरवणुकीत या किरकोळ दुखण्यालाही हद्दपारीचा मान मिळावा, हे नागपूरच करू जाणे.

आता गंमत पाहा. दिवस पावसाळ्याचे. आपल्याकडे फ्लूचा जोर दोनदा असतो, एकदा हिवाळ्यात आणि एकदा याच पावसाळ्यात. रस्ते अरुंद, गर्दी खांद्याला खांदा लावून. बोलताना तोंडातून बारीक कण उडतातच, ओरडताना कितीतरी जास्त उडतात. शिवाय फ्लूचा माणूस ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू वाटू लागतो. म्हणजे जो छाती फुगवून खोकल्याला हाकलतोय, त्याच्याच तोंडून खोकला नवीन घर शोधत निघालेला असू शकतो. चोराला गावाबाहेर काढायला वरात काढायची आणि घोड्यावर त्यालाच बसवायचं, असा हा प्रकार.

एवढ्यातून कोणी वाचलाच, तर त्याच दिवशी तान्हा पोळा असतो! पोरं नटूनथटून लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी सामान्य आहे, मोठ्यांना दोन-तीनदा. पोराचा हात आधी नाकाला, मग नंदीच्या दोरीला, मग तुम्ही दिलेल्या नाण्याला, आणि पाया पडताना थेट तुमच्या पायाला. सर्दीचे विषाणू हातावर काही तास टिकतात. पुढे तुम्ही स्वतःचा डोळा चोळायचा अवकाश. एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो, तोवर नंदी माळ्यावर गेलेला असतो आणि संशय कोणावरच नसतो.

2020 साली करोनामुळे मारबतीची मिरवणूक निघाली नाही. आणि नेमका त्याच काळात जगभरातून फ्लू जवळजवळ नाहीसा झाला. फ्लूच्या बी प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा तर मार्च 2020 नंतर खात्रीने कुठे सापडलेलीच नाही. कोणी "घेऊन जाय गे" म्हटलं नाही, माणसं फक्त एकमेकांपासून लांब राहिली. साधी सर्दी मात्र तेव्हाही पुरती गेली नाही. तिचा मुख्य विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. फ्लूच्या विषाणूला असतं तसं चरबीचं आवरण त्याला नाही, त्यामुळे सॅनिटायझरला तो फारसा भीत नाही. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर शहाणं झालं, तरी दुसऱ्यापुढे ते पुन्हा अडाणीच.

पण नागपुरात कोणालाही विचारा, सर्दी माणसाकडून आली असं तो कबूल करणार नाही. सर्दी दह्यानं होते, कूलरनं होते, आणि सगळ्यात जास्त संत्र्यानं होते. बिचारं संत्रं! आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो, तेव्हाच रात्री गार होऊ लागतात, दारं-खिडक्या लागतात, माणसं जवळ जवळ बसतात. गुन्ह्याच्या जागी सापडलं म्हणून पकडलं, एवढंच. दुसऱ्या टोकाला लायनस पॉलिंग. दोन नोबेल मिळवलेल्या या माणसानं 1970 पासून क जीवनसत्त्वाचा सर्दीवर उपाय म्हणून असा धडाका लावला, की संत्रं वैद्यच व्हायचं बाकी होतं. पुढच्या चाचण्यांत दिसलं, की रोज ते घेऊनही सामान्य माणसाची सर्दी चुकत नाही. झालीच तर जराशी लवकर आटपते.

थंडीची कसून चौकशी इंग्लंडमध्ये झाली. सॉल्सबरीजवळ 1946 पासून सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे हौशी माणसांना आंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्याच्या झोतात उभं केलं. त्यांना नुसतं कुडकुडायला झालं, सर्दी काही झाली नाही. थंडी अगदीच निर्दोष नाही म्हणा. गार, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त टिकतो, आणि ऱ्हायनोव्हायरसला नाकातलं 33 अंशांच्या आसपासचं तापमान फार मानवतं. पण विषाणू आणून द्यायला कोणीतरी माणूसच लागतो.

मला वाटतं, हे सगळ्यांना मनातून ठाऊक असतं. संत्र्याला दोष दिला तर कोणी रुसत नाही, एवढाच त्यातला फायदा. आमच्या घरात सर्दी कोणत्या क्रमानं फिरते ते शाळकरी पोरही सांगेल: अमरावतीहून भाचा येतो, आजीच्या कुशीत झोपतो, मग आजी, मग बाबा, मग मी. पण भाच्याचं नाव घ्यायची कोणाची हिंमत आहे? "तुले म्हटलं होतं ना, संध्याकाळी संत्री नको खाऊ म्हणून," असं आई मलाच शिंका देत देत सुनावते.

भाचा नाताळच्या सुट्टीत पुन्हा येतोय. आईनं त्याच्या आवडीची पुरणपोळी ठरवली आहे, आणि माझी संत्री आतापासूनच बंद केली आहेत.