आमची वाटचाल : सोपं करायला लागलेली सात वर्षं

सणांची कागदी सजावट घरी करायचं आमचं किट घेतलेले बरेच जण फोन करून विचारतात, ताई, हे एवढं सोपं आहे तर मग तुम्ही त्यात वेगळं काय करता? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहायला बसलेय, थोडं लांबलं तर समजून घ्या.

सुरुवातीला आम्ही किट विकतच नव्हतो. मी आणि माझ्या जाऊबाई, आम्ही दोघी सणांची तयार सजावट करून द्यायचो. कागदी फुलांच्या माळा, तोरणं, पताका, कंदील, चांदण्या. सण जवळ आला की रात्री मुलं झोपल्यावर बसायचं ते दोन-अडीचला उठायचं आणि सकाळी परत घरचं सगळं आहेच. ऑर्डरी येत होत्या, कौतुकही व्हायचं, पण एक गोष्ट मला सारखी टोचायची. माल न्यायला आलेल्या बायका माळ हातात धरून हमखास म्हणायच्या, "किती छान हो, मला पण असं काहीतरी करायचं होतं, पण जमतच नाही." एक-दोघी नाही, जवळजवळ सगळ्याच. मला वाटायचं, अरे यांना माळ नकोय, यांना स्वतः बसून, पोरांना शेजारी घेऊन ती करायचीय, आणि आपण मात्र ती आयती हातात देतोय.

जाऊबाईंना बोलले तर त्या म्हणाल्या, "अगं पण सगळं शिकवून टाकलं तर आपल्याकडून घेणार कोण?" त्यांची काळजी खरी होती, दोन घरांचा खर्च त्यावर चालला होता. तरी म्हंटलं एकदा करून बघू.

पहिलं किट चांदणीचं केलं. चार पट्ट्या एकमेकींत विणून करतात ना ती, फ्रोबेल स्टार म्हणतात तिला, किंडरगार्टन ज्यांनी सुरू केलं त्या जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या नावावरून. आमच्या हाताला ती इतकी बसलेली की गप्पा मारता मारता व्हायची. पट्ट्या कापल्या, पायऱ्यांची चित्रं काढली, ४० पाकिटं भरली आणि दिली. दोन दिवसांत फोन सुरू, दुसऱ्या पायरीनंतर काही कळतच नाहीये म्हणून. एका आईनं सांगितलं की मुलगी रडून झोपली. ते वाक्य मी अजून विसरले नाहीये. सगळ्यांचे पैसे परत केले.

मग मी सासऱ्यांना बसवलं. बाबांनी आयुष्यात कधी कागदाची होडीसुद्धा केली नसेल, बोटं जाड, चष्मा नाकावर. आम्ही दोघींनी ठरवलं की समोर बसायचं पण एक शब्द बोलायचा नाही. बाबांनी पट्ट्या घेतल्या, एक दुमडली, दुसरी तिच्यात घातली, आणि तिथंच थांबून चारी पट्ट्यांकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "अगं, यातली वरची कोणती आणि खालची कोणती?" बस, तिथंच सगळं होतं! चारी पट्ट्या एकाच रंगाच्या होत्या. आम्हाला ते दिसतच नव्हतं कारण आमची बोटं न बघता काम करायची. मग दोन लाल दोन पिवळ्या केल्या आणि सूचनेत लिहिलं की लाल पट्टी पिवळीच्या वरून न्या. पट्टीची टोकं तिरकी कापली, म्हणजे फटीत अलगद सरकतात. आणि पट्टी मोठी केली. या चांदणीला पट्टीची लांबी रुंदीच्या साधारण तीसपट तरी लागते, ए४ कागद २९.७ सेंटिमीटर लांब, म्हणजे त्यातून जेमतेम १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी निघते आणि चांदणी इवलीशी होते, नवशिक्याची बोटं त्यात मावतच नाहीत. आम्ही २ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब पट्टी द्यायला लागलो. बाबांनी ती केली. पहिली चांदणी अजून त्यांच्या खोलीत टांगलेली आहे, एक पाकळी वाकडी आहे पण ते कुणाला हात लावू देत नाहीत.

तेव्हापासून नियमच झाला, कुठलंही किट आधी बाबांकडे आणि शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे जातं, दोघांचं न विचारता पूर्ण झालं तरच छापायला.

मोठा फटका बसला तो कंदिलाच्या वेळी. ३०० किटांचं जाड कागदाचं काम, कापून गठ्ठे तयार, आणि घडी घातली की घडीवर कागद तडकून आतला पांढरा दिसायला लागला. रंग तोच, जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) तोच, दरवर्षीचाच माल. मग कळलं की पुरवठादारानं या वेळी शीट आडवी कापून दिली होती. कागदाला दिशा असते हो, मशीनवर कागद तयार होताना लगद्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसतात, त्या दिशेला समांतर घडी घातली तर स्वच्छ बसते, आडवी घातली तर जाड कागद हमखास तडकतो. त्यांनी माल परत घेतला नाही, आम्हीही लेखी काही मागितलं नव्हतं. आता प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघते, ज्या बाजूनं कमी जोर लागतो ती घडीची दिशा. अजून खात्री हवी असेल तर छोटा चौकोन कापून एका बाजूला पाणी लावा, तो स्वतःच नळीसारखा गुंडाळतो आणि ती नळी तंतूंच्या दिशेनं लांब असते. घरी कंदील करणाऱ्यांनी एवढं एक केलं तरी निम्मे कंदील सुबक होतील.

किटातून काढून टाकलेल्या गोष्टींची यादी भरपूर मोठी आहे. ग्लू गन काढली, जाऊबाईंचं बोट भाजलं त्या दिवशीच. पातळ पतंगी कागदाला पांढरा गम नको, पाण्यानं सुरकुततो, तिथं गम स्टिकच. ग्लिटर काढलं तेव्हा गिऱ्हाईकं नाराज झाली, पण ते प्लॅस्टिकचे कण आहेत, एकदा सांडले की घरातून जात नाहीत आणि पाण्यात जातात ते वेगळंच. पुढं २०२३ च्या ऑक्टोबरात युरोपियन युनियननं सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली तेव्हा बरं वाटलं. मेणबत्ती तर कागदाच्या कंदिलात नकोच, एलईडी द्यायचा. पण तिथंही एक सांगते आणि हे कृपया वाचाच. त्या छोट्या दिव्यांत सीआर २०३२ सारखे बटण सेल असतात, २० मिलिमीटरचे, लहान मुलानं गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतसुद्धा गंभीर भाजतं. म्हणून आमच्या दिव्याचं झाकण स्क्रूचं आहे, दिवा त्यामुळे महाग पडतो, आणि यात आम्ही तडजोड करणार नाही.

सगळ्यात जास्त गेलेलं किट म्हणजे एका कापात होणारी पाच टोकांची चांदणी. कागद मधोमध दुमडून मग ३६ अंशांच्या घड्या घालायच्या, असे दहा थर झाले की तिरका एकच काप, उघडलं की चांदणी. हे लोकांना जमत नव्हतं ते कोनामुळे, कोनमापक कुठं शोधत बसणार, म्हणून आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला घड्यांच्या फिक्या रेषा छापून दिल्या. झालं काम. वीस कागदांचं हे किट कागदाच्या वजनात फक्त १५० ग्रॅम भरतं. ए४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, १२० जीएसएमचा एक कागद साडेसात ग्रॅम, हे गणित मी कुरियरचं बिल कमी करायला शिकले.

जाऊबाईंच्या प्रश्नाचं म्हणाल तर शिकलेली माणसं परत येतात. एक चांदणी जमली की माळ मागतात, माळ जमली की कंदील. तयार सजावट आम्ही तीन वर्षांपूर्वी पूर्ण बंद केली आणि आता रात्री अकराला झोपतो.

सध्या टेबलावर पंचवीस टोकांची मोठी चांदणी आहे. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमितीच्या तासाला घन आकार शिकवताना अशी चांदणी निघाली असं सांगतात. तिला १७ टोकं चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची लागतात. दिसायला अतिशय सुंदर, आत दिवा लावला की बघत राहावं. पण बाबा अकराव्या टोकाशी अडकतात आणि शेजारची मुलगी चौदाव्याशी, टोकं जास्त झाली की कुठलं कुठं चिकटवायचं ते हरवतं. मागच्या आठवड्यात टोकांवर आकडे घालून बघितले, बाबा सोळापर्यंत गेले. यंदाच्या सणाला ती येणार नाही, फोन करून विचारणाऱ्या सगळ्यांना हेच सांगतेय.