स्टीव्हन्स २२-४१० अपडेट: चिरेचं खरं कारण सापडलं

मंडळी, माझ्या जुन्या स्टीव्हन्स २२-४१० (वर .२२ ची रायफल नळी, खाली .४१० ची शॉटगन नळी) च्या प्लास्टिकच्या दस्त्यात मागच्या वेळी जोडलेल्या चिरेच्या शेजारी दुसरी चीर गेली. अगदी समांतर. आणि जुना जोड मात्र घट्टच्या घट्ट. आधी डोकं फिरलं, मग लक्षात आलं की यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही, जोड टिकतोय आणि बाजूचं प्लास्टिक फाटतंय म्हणजे आतून काहीतरी सतत ढकलतंय.

दस्त्याचं हे प्लास्टिक, टेनाइट, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, ते वर्षानुवर्षं आकसत जातं, स्टील काही आकसत नाही. हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, पण आपण चीर दिसली की चीर भरायला धावतो. यावेळी रिसिव्हर (बंदुकीचा मधला स्टीलचा भाग) जिथे दस्त्यात बसतो त्या भागाला इनलेटिंग ब्लॅकचा, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणाऱ्या काळ्या रंगाचा, पातळ हात दिला, दस्ता चढवला, बोल्ट जेमतेम आवळला आणि परत उघडला. काळं लागायला हवं होतं दस्त्याच्या सपाट खांद्यांवर, जिथे स्टील टेकायला हवं, तिथे जवळपास काहीच नाही, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत मात्र काळेकुट्ट ठिपके! म्हणजे बोल्ट आवळला की स्टील लाकडात मारलेल्या पाचरीसारखं त्या दोन कोपऱ्यांत घुसतंय. अशा दस्त्यात जगातला कुठलाही इपॉक्सी भरा, शेजारून फाटणारच.

मग धारदार स्क्रेपरने कोपरे अगदी थोडे थोडे खरवडले, प्रत्येक वेळी काळं लावून बघत. रोटरी टूल इथे वापरू नका असं माझं ठाम मत आहे, टेनाइट गरम होऊन चिकट होतं आणि कधी जास्त गेलं ते कळत नाही. शेवटी खांद्यांवर दोन्हीकडे सारखा काळा पट्टा उमटला तेव्हा जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

आता चीर भरायचा प्लॅन होता तपकिरी रंग मिसळलेल्या इपॉक्सीचा, तो रद्द. खरवडलेला चुरा फेकला नव्हता, तोच काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवला (खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको) आणि मधासारखी पेस्ट झाली, रंग अर्थातच हुबेहूब. फक्त ॲसिटोन उडालं की भरण खाली बसतं, त्यामुळे एकदम भरायचं नाही, पातळ थर, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुढचा. दाबायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, क्लॅम्पने कडा दबतात. तयार नकली दस्ता विकणाऱ्याकडूनही एक मागवून बघितला होता, रंग सपाट, खांदे वाकडे, परत पाठवला. अक्रोडाचा लावायचा सल्ला काहींनी दिला होता पण ही बंदूक टेनाइटमध्येच बाहेर पडलीये, तशीच राहणार.

एक धोक्याची सूचना, दस्त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट कुजतंय आणि ते ॲसिड शेजारचं स्टील खातं. माझ्या फोरएंडखाली (नळीखालचा हाताने धरायचा भाग) बारीक खड्डे पडलेत. गंज काढून तिथे रेनेसान्स वॅक्स हे संरक्षक मेण दिलंय, महाग आहे पण मला त्याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही.

छोटा विजय: सिलेक्टर, म्हणजे कुठली नळी झाडायची ते ठरवणारं बटण, मोकळा झाला. वाळून गोंद झालेलं तेल निघालं आणि बटण आता टक् करून सरकतं. एकच हॅमर, दोन फायरिंग पिना, वरची .२२ च्या रिमवर मारणार आणि खालची .४१० च्या बरोबर मध्यभागी, आणि हे सगळं शेतकऱ्याला परवडेल अशा साध्या बंदुकीत. म्हणून तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाने विमान पडल्यावर जंगलात जगण्यासाठी हीच घेतली, आणि १९५० मध्ये तिचीच पुढे सॅव्हेज मॉडेल २४ झाली.

हे सगळं चालू असताना एका चॅनेलवर एका वयस्कर माणसाच्या घरातल्या जुन्या बंदुकांची बातमी लागली होती. टेबलावर अशीच एक दोन कॅलिबरची कॉम्बो बंदूक स्पष्ट दिसत होती आणि खाली पट्टी चालू, "शस्त्रसाठा", "हाय-पॉवर्ड रायफली", "सिरियल नंबर नसलेली". मला खरंच वाईट वाटलं. दोन नळ्या, दोन काडतुसं, वरची .२२, म्हणजे रायफलीतल्या सगळ्यात हलक्या गोळ्यांपैकी एक. आणि नंबर नाही कारण अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टआधी अशा बंदुकांवर तो सक्तीचाच नव्हता, माझ्या २२-४१० वरही नाहीये. नंबर खोडणं हा गुन्हा आहे, मुळात नसणं नाही, आणि हा फरक पट्टीत नसला की ऐकणारा त्या म्हाताऱ्याला गुन्हेगारच समजतो. सगळे पत्रकार तसे नसतात हेही सांगायला हवं, एपी या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने (पत्रकारांसाठीची लेखन-नियमावली) २०२२ मध्ये "असॉल्ट रायफल"सारखे शब्द टाळा, नेमकं काय आहे ते लिहा असं सांगितलं होतं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकमालकांनी संरक्षण हे बंदूक ठेवायचं मोठं कारण सांगितलं, संग्रह सांगणारे १५ टक्के. म्हणजे आपण संग्रह करणारे थोडे आहोत हे मान्य, पण म्हणून आपल्याला बाकी कुणाच्या तरी चित्रात कोंबायचं कारण नाही.

त्यावरून ठरवलंय की प्रत्येक बंदुकीच्या केसमध्ये एक कार्ड ठेवायचं, मॉडेल, दोन्ही कॅलिबर, अंदाजे काळ, नंबर का नाही ते, आणि दुरुस्तीचे फोटो. उद्या घरच्यांना किंवा पोलिसांना केस उघडावी लागली तर समोर नेमकी माहिती असेल. कार्डाचा नमुना पुढच्या अपडेटमध्ये टाकतो, त्यात अजून काय हवं ते सांगा.

पुढचा थर उद्या द्यायचा होता, पण हे टाइप करताना सुचलं की फोरएंडच्या स्क्रूचं भोकही आकसलेलं असणार, आणि स्क्रू तिथेही ढकलत असणार. त्यामुळे आधी फोरएंड काढून काळं लावून बघतो, दस्ता थांबेल. गनस्मिथकडे तपासणी आणि मग रेंज, हे सगळं त्यानंतर. कुणी टेनाइट फोरएंडचं भोक मोठं केलंय का, आणि किती जागा सोडली?