व्हेन्व्ह शेअर्ड ड्राइव्हवर ठेवायचं नसतं, हे आयटीला पटवताना

पायथन इन्स्टॉल झालं, पिप (पायथनची पॅकेजं टाकणारं टूल) चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते ऑफिसच्या झेड ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या शेअर्ड ड्राइव्हवर. आमच्याकडे नियम असा की प्रोजेक्टचं सगळं शेअर्ड ड्राइव्हवरच पाहिजे, कारण बॅकअप फक्त त्याचाच होतो. कोडचं ठीक आहे हो, पण त्या 'सगळं'मध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे व्हेन्व्हसुद्धा (प्रोजेक्टची पॅकेजं ज्यात बसतात ते वेगळं फोल्डर) धरलं.

मग काय, पांडाज हे डेटाचं पॅकेज टाकायला लावायचं, चहा पिऊन यायचं, तरी पिप आपलं चालूच. डाउनलोड पटकन व्हायचं, रखडायचं ते पुढे, कारण पॅकेज म्हणजे हजारो चिल्लर फायली आणि नेटवर्क ड्राइव्हवर प्रत्येक फाइल उघडा, लिहा, बंद करा यासाठी सर्व्हरकडे वेगळा हेलपाटा, वर अँटीव्हायरस प्रत्येकीला हुंगणार. नंतर इम्पोर्ट करतानाही तीच रड.

तेही चालवून घेतलं असतं. पण शेजारच्या मॅडमनी तेच व्हेन्व्ह त्यांच्या मशीनवर चालवलं तर समोर 'नो पायथन ॲट' आणि पुढे माझ्या युजर फोल्डरचा पत्ता! तिकीट टाकलं. आयटीवाल्याने रिमोटने माझ्याच मशीनवर येऊन चालवून बघितलं, 'सर, आमच्याकडून ओके आहे' आणि तिकीट बंद. अरे बाबा, माझ्या मशीनवर चालणारच ना! परत तिकीट टाकलं तर म्हणे मॅडमना फोल्डरचे फुल राइट्स दिलेत, आता बघा. राइट्सचा संबंधच नव्हता. मग म्हणे त्यांच्याकडे पायथन परत टाका. तेही टाकलं, ते बसलं त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये, व्हेन्व्ह शोधतंय माझ्याच नावाच्या.

शेवटी मी व्हेन्व्हमधली पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी नोटपॅडमध्ये उघडली. चार-पाच ओळींची फाइल, पहिलीच ओळ 'होम' आणि समोर माझ्या सी ड्राइव्हवरच्या पायथनचा अख्खा पत्ता. व्हेन्व्ह चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्येही झेडपासूनचा पूर्ण पाथ कोरलेला, पिप डॉट ईएक्सईच्या पोटातही तोच, आणि मॅडमकडे हाच शेअर वाय नावाने मॅप केलेला. म्हणजे होम सुधारलं असतं तरी पुढे अडलंच असतं. लाल गोल काढून स्क्रीनशॉट लावला, सोबत पायथनच्या डॉक्युमेंटेशनमधला तो भाग जोडला जिथे सरळ लिहिलंय की व्हेन्व्ह हलवायचं नाही, कॉपी करायचं नाही, पाहिजे तिथे नवीन बनवायचं. तेव्हा कुठे परवानगी आली. मेलमध्ये सॉरीबिरी काही नाही, 'ॲज पर युवर रिक्वेस्ट' एवढंच!

तर आता कोड आणि रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) झेडवर, व्हेन्व्ह ज्याचं त्याच्या सी ड्राइव्हवर. बॅकअपचं टेन्शन घेऊ नका, यादी असली की व्हेन्व्ह कधीही परत बनतं, फक्त पिप फ्रीझ करून व्हर्जनसकट यादी ठेवा आणि सगळ्यांकडे पायथनचं व्हर्जन एकच ठेवा. युजर फोल्डरमधल्या ॲपडेटामध्ये बनवणार असाल तर लोकलमध्ये, रोमिंगमध्ये नको, नाहीतर रोमिंग प्रोफाइलवाल्या (युजरचं प्रोफाइल सर्व्हरवर ठेवणाऱ्या) ऑफिसात लॉगिन करतानाच ते सगळं नेटवर्कवरून ओढलं जाईल. ॲक्टिव्हेट केलंच पाहिजे असंही नाही, त्या व्हेन्व्हच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली पायथन डॉट ईएक्सई पूर्ण पाथ देऊन चालवली तरी काम होतं, आम्ही बॅच फाइलमध्ये तेच केलंय. हो, एक राहिलंच, सीएमडी (कमांड विंडो) ॲडमिन म्हणून उघडलं तर बऱ्याचदा झेड ड्राइव्ह दिसतच नाही, घाबरू नका, साध्या विंडोत उघडा. आणि सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पाथ तिथल्या सीडी कमांडला चालत नाही, पुशडी वापरा.

पिपऐवजी यूव्ही हे टूल वापरणाऱ्यांनी यूव्ही प्रोजेक्ट एन्व्हायर्नमेंट या व्हेरिएबलमध्ये सी ड्राइव्हचा पाथ द्या, नाहीतर ते डॉट व्हेन्व्ह परत प्रोजेक्टमध्येच, म्हणजे झेडवर बनवतं. पायथन आपोआप बनवतं त्या पायकॅश फोल्डरांचा कचरा शेअरवर नको असेल तर पायथन 3.8 पासून पायथन पायकॅश प्रीफिक्स हे व्हेरिएबल आहे, तेही सीकडे वळवा.

झेडवरचं जुनं व्हेन्व्ह उडवताना 'फाइल वापरात आहे' आलं तर कुणाकडे तरी त्यातलं पायथन चालू असतं, त्यांना बंद करायला सांगा. आणि डिलीट संध्याकाळी निघताना लावा, त्यालाही भरपूर वेळ लागतो.