मलिद्याचे पोहे जाडे की पातळ?

आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं अलिबागकडचं आणि नाव हिब्रू. त्यामुळे नवी ओळख झाली की समोरचा हमखास गोंधळतो. "ख्रिश्चन का तुम्ही?" नाही हो, ज्यू. बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्याकडे सांगत आलेत. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. 2016 साली राज्य सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कोण होतात?"

ठाण्यातलं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, 1879 चं. सणावारी जातेच. पण शुक्रवार चुकवता येत नाही, त्या संध्याकाळीच शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा शनिवार, सुरू होतो. सकाळी डब्यांच्या गडबडीत काळ्या मनुका भिजत घालायच्या, संध्याकाळी लोकलमधून उतरून धावत घरी यायचं, त्या कुस्करून गाळायच्या. वाइनऐवजी त्याच शरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीची प्रार्थना. मांसासोबत दूध-दही चालत नाही, म्हणून मटणाला नारळाचं दूध. धर्म पाळायला पूर्वजांनी किनारा बरा निवडला!

आणि मलिदा. नवस फेडायचा असो की घरात लग्न असो, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, नाव घेऊन ताट मांडायचं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर बदाम-पिस्ते, सोबत फळं. माझी मावशी लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेली ती तिथलीच झाली. तिची मुलं हिब्रूत भांडतात, ती मराठीत. व्हिडिओ कॉलवर माझं ताट पाहून ओरडली, "अगं, पातळ पोहे? लगदा होईल त्याचा!" तिथल्या भारतीय दुकानात तिला जाडे मिळतात. मला घाई असते, पातळ पटकन भिजतात. वाद अजून मिटलेला नाही. अलिबागची रीत अश्दोदमध्ये जास्त कडक! गेलेल्यांनी निघताना होतं तसंच जपलं. आम्ही इथलेच, म्हणून बिनधास्त बदलत राहिलो. मला त्यात वावगं वाटत नाही.

हळहळ वाटते ती कीर्तनाची. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं आमच्याकडे मराठीत रंगायची. आजीला कितीतरी पदं पाठ होती, माझ्यापर्यंत तुकडेच आले.

1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे पेसाह सणाला वाचायच्या पोथीत, एक चित्र आहे, साड्या नेसलेल्या बायका पेसाहच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. लेकीला मोबाइलवर दाखवलं तर म्हणते, "आई, ही बसलेली पणजीच वाटते गं!" मग लगेच मुद्द्यावर आली: बारावीत चांगले मार्क पडले तर मलिदा कर.

म्हटलं, नवस तू बोल, पोहे मी भिजवते. पातळच.