सोलापूरचा टॉवेल मेलबर्नला पाठवताना

मेलबर्नच्या खरेदीदाराला आमचे टॉवेल आवडायचे, नमुने मागवायचा, पण ऑर्डर शेवटी चीनला जायची. चीनचा ऑस्ट्रेलियाशी मुक्त व्यापार करार डिसेंबर 2015 पासून लागू आहे. बांगलादेशला कमी विकसित देश म्हणून शुल्क माफ. आमच्या टेरी टॉवेलवर मात्र 5 टक्के सीमाशुल्क होतं. या धंद्यात कधी कधी तेवढाच नफा सुटतो.

भारत-ऑस्ट्रेलिया करारावर 2 एप्रिल 2022 रोजी सह्या झाल्या. लगेच मे महिन्यात तिथे निवडणूक होऊन सरकार बदललं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना धास्ती होती. पण नव्या सरकारने करार संसदेतून मंजूर करून घेतला आणि 29 डिसेंबर 2022 ला तो लागू झाला. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी त्या काळात जे काम केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. चर्चा 2011 मध्ये सुरू झाली होती आणि मधली काही वर्षं ठप्प होती, हेही विसरून चालणार नाही.

करारातलं शून्य शुल्क आपोआप मिळत नाही. माल भारतात तयार झाल्याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर अर्ज, डिजिटल सही, 6302.60 हा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), इनव्हॉइस, कॉस्ट शीट, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती सुतावर.

दाखला देणाऱ्या संस्थेने सुताचा उगम विचारला. ऑर्डर उंची टॉवेलची होती, कोम्ब्ड सूत (विंचरून आखूड तंतू काढलेलं) बाहेरच्या गिरणीतून घेतलं होतं. मी गिरणीत गेलो. तिथल्या हिशेबनीस काकांनी कापसाच्या गाठींचं रजिस्टर काढलं, लॉट नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, ह्या लॉटात सगळा कापूस आपला नाही. थोडा ऑस्ट्रेलियाचा आहे."

माझ्या पोटात गोळा आला. परदेशी कापूस म्हणजे दाखला गेला, असंच वाटलं. मग आमच्या सीएचएने, म्हणजे सीमाशुल्काची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटने, करारातलं उगमाच्या नियमांचं प्रकरण उघडून दाखवलं. करारातल्या दुसऱ्या देशाचा कच्चा माल वापरला, तर तो आपलाच धरला जातो. शिवाय याच करारात ऑस्ट्रेलियाच्या 51,000 टन कापसाला भारतात शुल्कमाफीचा कोटा आहे. म्हणजे त्यांचा कापूस इथे यावा, इथे सूत निघावं, विणकाम व्हावं आणि तयार टॉवेल तिकडे जावा, याची वाट करारातच ठेवलेली आहे. एवढ्या दूरच्या दोन देशांनी एकमेकांच्या उपयोगाचं काही मांडलंय, हे त्या दिवशी मला खरोखर पटलं.

काकांनी लेटरहेडवर घोषणापत्र दिलं: लॉट नंबर, कापूस कुठला, कुठल्या बिलाने आला. सोबत बिलांच्या प्रती. ते जोडल्यावर शंका मिटली आणि दाखला निघाला.

न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर सिंगापूरला दुसऱ्या जहाजावर चढणार होता. अशा वेळी बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) थेट मेलबर्नपर्यंतचं घ्यावं. वाटेत मालाला कुणी हात लावला नाही, हे त्यावरून दाखवता येतं.

तिकडे सीमाशुल्क लागलं नाही. तिथला 10 टक्के जीएसटी मात्र आयातदाराला भरावाच लागतो, करारात त्याची माफी नाही. नवीन निर्यातदार इथे हमखास गोंधळतात, म्हणून ग्राहकाशी दर ठरवतानाच हे बोलून घ्या. आमच्या ग्राहकाने वाचलेल्या शुल्कातला काही भाग दरात आम्हाला दिला आणि पुढची ऑर्डरही.

आता दोन्ही देश याहून व्यापक करारासाठी बोलत आहेत. माझी मागणी एकच आहे: सूत पुरवणाऱ्या गिरणीच्या घोषणापत्राचा एक ठरलेला नमुना द्या. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळी माणसं असतात; आमच्याकडे मीच असतो, आणि गिरणीत काका.