इंजिन कुठलं टाकलंय? तुम्ही विचारलंत म्हणून

पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, मागच्या महिन्यात तर चक्क एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत, प्रश्न तोच. "जिप्सीत इंजिन कुठलं टाकलंय?" बऱ्याचदा विचारणारा माझ्या नवऱ्याकडे बघून विचारतो, मी चावी हातात घेऊन शेजारीच उभी असते, आणि त्या बिचाऱ्याला बॉनेट कुठून उघडतं तेही धड माहीत नाही, मग तो गुपचूप माझ्याकडे बोट करतो. तर एकदाच सविस्तर सांगते. काहीही टाकलेलं नाही. १९९७ ची मारुतीची जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, कंपनीने दिलं तेच साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, आरसीवर जो नंबर तोच ब्लॉकवर. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. डिझेल टाकलंय, टर्बो लावलाय असलं काहीतरी ऐकायचं असतं लोकांना.

पैसे गेलेत ते सगळे इंजिनच्या मागे. म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा), प्रोपेलर शाफ्ट (तो जोर एक्सलपर्यंत नेणारा दांडा), डिफ्रेन्शियल (एक्सलवरचा, दोन बाजूंच्या चाकांना कमीजास्त फिरू देणारा गिअरचा गोळा), जे गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही आणि ज्याचे फोटो कुणी काढत नाही.

गाडी मी २०१६ ला बदलापूरहून आणली. आधीच्या मालकाने "मॉडिफाय" केलेली, म्हणजे काय तर कंपनीच्या टायरपेक्षा मोठे २३५/७५ चे टायर आणि गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाटा चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या. दिसायला एकदम भारी. चालवायला बैलगाडी. घोडबंदर रोडला मी ती पहिल्यांदा घेऊन गेले तर चौथ्यात ओढेना, तिसऱ्यात घातली तर नुसती बोंबलायची, पन्नास-साठच्या मध्ये सीटखालून अशी थरथर यायची की डॅशबोर्डवरचा गणपती डोलायला लागायचा, आणि ऍक्सिलरेटर सोडला की खालून 'ठक्क'. मलाही तेव्हा वाटलं की इंजिन मेलंय. दोघातिघांनी तेच सांगितलं, एकाने तर दुसऱ्या इंजिनचा भावपण काढून दिला.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेस्त्रींनी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक केलं, चारही सिलिंडर ठीक निघाले. मग बॉनेट बंद करून म्हणाले, "ताई, इंजिन बरं आहे. त्याच्या गळ्यात जे बांधलंय ते बघायला पाहिजे."

आता टायरचं गणित बघा. कंपनीच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास होतो ६६८ मिलिमीटर, या २३५/७५ चा ७३३ च्या वर. म्हणजे जवळजवळ दहा टक्के मोठा. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे सगळे गिअर आपोआप दहा टक्क्यांनी लांब झाले. सायकलवाल्याला विचारा, चढावर मोठा गिअर लागला की पाय भरून येतात, तसंच. वर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरे ६६ असतात, मोबाईलवर बघून खात्री केली मी. साठ घोड्यांच्या इंजिनावर हा बोजा टाकायचा आणि मग म्हणायचं इंजिनात दम नाही.

यावर लोक इंजिन बदलतात. मी नाही बदललं, एक तर कागदपत्रांची भानगड. सुप्रीम कोर्टाने २०१९ ला स्पष्टच सांगितलंय की गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येणार नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग असतंच. (मोठे टायरसुद्धा कागदावर बसत नाहीत, मान्य. ते माझ्यावर शेकू शकतं.) पण खरं कारण वेगळं आहे. शंभर घोड्यांचं इंजिन आणून त्याच जुन्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे) आणि त्याच पिनियनवर (डिफ्रेन्शियलमधला, शाफ्टने फिरणारा छोटा गिअर) सोडलं तर मोडणार काय? इंजिन नाही मोडत, त्याच्या मागचं मोडतं.

तर आधी थरथर. जिप्सीची गंमत अशी की ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा, रबरी माउंटिंगवर लटकलेला असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट. मग पुढे एक, मागे एक, म्हणजे एकूण तीन शाफ्ट आणि सहा क्रॉस. माझ्या गाडीचे माउंटिंग पार चिरलेले, पाय दिला की अख्खा ट्रान्सफर केस अंग वळवायचा, ती 'ठक्क' त्याचीच. आणि सहापैकी चार क्रॉस हाताने हलत होते. ते का गेले तेही कळलं, आधीचा मालक कौतुकाने सांगायचा की पावसात ग्रिप चांगली मिळते म्हणून तो हायवेला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, लावून ठेवायचा. अहो, जिप्सीला पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ्रेन्शियल नाहीये! फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर घसरत नाही, मग तो सगळा पीळ जातो क्रॉसमध्ये, गिअरमध्ये, एक्सलमध्ये. त्याने बिचाऱ्याने सेफ्टी म्हणून गाडीची हाडं मोडली.

क्रॉस बदलले, माउंटिंग नवे घातले. थरथर कमी व्हायची ती वाढली! मी रडायचीच बाकी होते. दोन दिवस व्हील बॅलन्सिंग झालं, टायर मागेपुढे करून झाले, कुणी म्हणालं शाफ्ट वाकलाय. शेवटी मीच रविवारी खाली गोणपाट टाकून झोपले आणि मागच्या शाफ्टकडे नुसती बघत बसले, तेव्हा दिसलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे जे कान असतात ते एका रेषेत नव्हते, एक जरासा फिरलेला. क्रॉस तिरका चालतो तेव्हा एका फेरीत शाफ्ट दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, आपल्याला कळत नाही कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस बरोबर उलटं करून ते खाऊन टाकतो, पण त्यासाठी दोन्ही कान एका रेषेत पाहिजेत. मधला सरकणारा सांधा दात्यांचा असतो, उघडून परत घालताना पोऱ्याने दोन दाते इकडेतिकडे केले होते. उघडायच्या आधी खडूची एक रेघ मारली असती तर चार दिवस वाचले असते. मेस्त्रींना फोटो पाठवला, त्यांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

ते नीट केल्यावर थोडी थरथर उरलीच होती, ती त्या लांब शॅकलची. पाट्याचं एक टोक खाली गेलं की एक्सल फिरतो, पिनियनचं तोंड वर होतं आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. पाट्याखाली पाचर मारून कोन जुळवता येतो, काही जण करतात. मी सरळ कंपनीचे शॅकल परत लावले. गाडी बुटकी झाली, सोसायटीतली पोरं नाराज झाली, पण स्टेअरिंगसुद्धा सरळ राहायला लागलं. पूर्ण वळवलं की टायर जरासा घासतो, ते चालतं.

आता राहिला दम. डिफ्रेन्शियलचे गिअर बदलायचे तर पुढचा मागचा दोन्ही बदलावे लागतात, पिनियनचं सेटिंग, शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या), आणि इथे ते निगुतीने करणारे हात फार थोडे. चुकलं की डिफ रडायला लागतो आणि मग आयुष्यभर रडतो. सोपा रस्ता मेस्त्रींनीच सुचवला, जुन्या हजार सीसीच्या जिप्सीचा, म्हणजे ४१० चा ट्रान्सफर केस. इंजिन लहान म्हणून त्यात रेशो जास्त, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिन जास्त फिरतं आणि ओढ वाढते. किंगमध्ये हायला (नेहमीच्या रस्त्यासाठी) १.४०९ आहे, त्यात १.५८०. लो मध्ये (अवघड चढ-चिखलासाठी) २.२६८ च्या जागी २.५११. भागून बघा, हायमध्ये बारा टक्के फरक पडतो आणि टायरने दहा टक्के खाल्लेले, म्हणजे हिशोब चुकता होऊन वर थोडं सुटतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो आम्ही दोघं. तिथे प्रत्येक दुकानदार शपथ घेतो की हा ४१० चाच आहे, आणि बाहेरून तेलकट काळा गोळा, काय कळणार? मेस्त्रींनी इनपुटला आणि आउटपुटला खडूने खूण केली, लिव्हर हायला टाकला आणि मला म्हणाले, मोजा. इनपुट दहा वेळा फिरवलं की १.४०९ वाल्यात आउटपुट सातच्या जरा पुढे जातं, १.५८ वाल्यात सव्वासहाच्या आसपास थांबतं. पहिले दोन सातच्या पुढे गेले. दुकानदार म्हणाला मॅडम मोजायला चुकल्या. तिसरा सव्वासहाला थांबला. साडेनऊ हजार, बेअरिंग आणि सील वेगळे. फ्लँज (शाफ्ट जोडायच्या चकत्या) आमच्याच जुन्या केसचे चढवले, दोन दिवसांचं काम.

तेलाबद्दल एवढंच की सगळीकडे एकच गिअर ऑईल ओतू देऊ नका. डिफला जीएल-५ ग्रेडचं लागतं, तिथले दात एकमेकांवर घासत सरकतात. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर अलगद बसवणाऱ्या) पितळी रिंगा असतात, त्यांना जीएल-४ बरं. माझ्या गिअरबॉक्समधून निघालेलं तेल काळं होतं आणि त्यात सोनेरी चकाकी होती, बघायला सुंदर, ते पितळच होतं. दुसऱ्या गिअरची रिंग बदलावी लागली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग गिअरबॉक्स खाली उतरला होताच म्हणून घालून टाकलं, दोनदा मजुरी कशाला.

सगळं मिळून सेहेचाळीस हजार आणि सात-आठ महिने, कारण पगार झाला की एक काम. आता मुंब्रा बायपासचा चढ मी तिसऱ्यात आरामात चढते, चौथा घोडबंदरला लागतो आणि राहतो, गणपती डोलत नाही. वेगात काही वाढ नाही हं, ऐंशीच्या वर ती तेव्हाही जात नव्हती आणि आताही मी नेत नाही. पण सिग्नलला सुटताना जे लोकांना जाणवतं आणि ज्यामुळे ते हा प्रश्न विचारतात ते एवढंच, की साठच्या साठ घोडे आता चाकापर्यंत पोचतात.

परवा पंपावरच्या मुलाने विचारलं तेव्हा मी कंटाळून नुसतं म्हटलं, एक पॉइंट अठ्ठावन्न. तो म्हणाला, वाटलंच मला, दीड लिटरच्या वरचं असणार.

आणि हो, सकाळी स्टार्ट केल्यावर हल्ली थोडा निळा धूर येतो. बहुतेक व्हॉल्व्ह सील, कदाचित पिस्टनच्या रिंगा. दिवाळीनंतर इंजिन उतरवणार आहे, पण परत बसणार ते हेच.